पीएफ, ईएसआयसी, मेडिक्लेम शिकवणारा सदाशिव पेठेतला रविवारचा क्लास: सहा रविवार करून आले, माझा अनुभव

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे हा रिव्ह्यू कोणाच्या कामाचा आहे ते कळेल. भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमधे मी अकाउंट्स बघते, चौसष्ट माणसं आहेत, आणि तीन वर्षांपूर्वी आमच्या एचआर मॅडम सोडून गेल्या तेव्हापासून पीएफ, ईएसआयसी (सरकारी कामगार विमा), ग्रॅच्युइटी, ग्रुप मेडिक्लेम सगळं माझ्याच टेबलावर आलं. शिकवलं कोणीच नाही. कन्सल्टंट चलन काढून पाठवायचा, मी पैसे भरायचे, ब्रोकर मेडिक्लेमच्या रिन्यूअलचा कागद पाठवायचा, मी मालकांची सही घ्यायची. चाललंय म्हणजे बरोबरच चाललंय असं धरून बसले होते.

मग मागच्या पावसाळ्यात आमच्या स्टोअरकीपरच्या बायकोचं पिशवीचं ऑपरेशन झालं. बिल झालं १ लाख ३८ हजार, आमची पॉलिसी २ लाखांची, म्हणजे सगळं बसायला पाहिजे ना, तर मंजूर झाले फक्त ९३ हजार. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, "मॅडम, पंचेचाळीस हजार भरा म्हणतायत, पॉलिसी आहे ना आपली?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्रोकर म्हणाला टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) विचारा, टीपीएवाले म्हणाले पॉलिसीच्या अटी वाचा. त्याने शेवटी मेव्हण्याकडून पैसे आणले. ते माझ्या फार जिव्हारी लागलं, कारण ती पॉलिसी मीच निवडली होती, तीन कोटेशनमधली सगळ्यात स्वस्त बघून. तेव्हाच ठरवलं की हे नीट शिकायचं.

क्लासची माहिती चाकणच्या एका मैत्रिणीकडून मिळाली. सहा रविवार, सकाळी दहा ते दीड, फी ८,५०० (नोट्स आणि चहा धरून), बॅचला बावीस जण. मी पीसीएमसीवरून मेट्रो पकडायचे, मंडईला उतरून चालत जायचे. गाडी आणायचा विचारही करू नका, पार्किंग अजिबात नाही, एक जण दोन रविवार अर्धा तास उशिरा आला ते गाडी लावायला जागा शोधण्यापायी. जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचारून घ्या. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः बरीच वर्षं कारखान्यांत एचआर बघितलेल्या आहेत आणि ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं, कारण त्या कायद्यापासून सुरुवातच करत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पगाराचे किती स्लॅब आहेत आणि प्रत्येकात किती माणसं?" बावीसपैकी फक्त चार जणांना सांगता आलं. मला नाही आलं, आणि पगार मी दर महिन्याला करते.

हा प्रश्न का, ते दुसऱ्या रविवारी कळलं आणि माझ्या मते पूर्ण क्लासमधला सगळ्यात मोलाचा भाग तोच. ईएसआयसीची पगाराची मर्यादा २१,००० आहे. त्याच्या आतल्या माणसाच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते, आणि त्या बदल्यात त्याला आणि घरच्यांना उपचार मिळतात, ज्याच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. शिवाय आजारपणात घरी बसावं लागलं तर पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. आमच्याकडची पोरं म्हणतात बिबवेवाडी लांब पडतं, मोहननगरला गर्दी असते, कापू नका पैसे. मीही त्यांच्याच सुरात बोलायचे. पण मॅडमनी फळ्यावर दोन माणसं काढली, एक २०,५०० वाला आणि एक २२,०००वाला, आणि विचारलं की दोघांच्याही घरी उद्या मोठं दुखणं आलं तर कोण जास्त अडचणीत? २२,०००वाला! दीड हजाराची वाढ मिळाली आणि ईएसआयसी गेलं, हातात आली दोन लाखांची पॉलिसी, तीही अटींनी भरलेली. आमचा स्टोअरकीपर २४,००० वर होता. म्हणजे कंपनीने मेडिक्लेम घ्यायचं ते मुळात या माणसांचा विचार करून घ्यायचं, ऑफिसातल्या साठ-सत्तर हजारवाल्यांकडे बहुतेकदा स्वतःची पॉलिसी असते. तीन वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

आणि त्यातच एक बारकावा, जो आमच्याकडे चुकत होता. वर्षाच्या मधे पगार २१,०००च्या वर गेला तर ईएसआयसी लगेच बंद करायचं नसतं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालावधी असतात, जूनमधे पगार २२,५०० झाला तरी सप्टेंबरपर्यंत पूर्ण २२,५०० वर कापत राहायचं, आणि एप्रिल-सप्टेंबरच्या भरण्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमधे मिळतो. आम्ही जूनमधेच नाव काढून टाकायचो आणि मेडिक्लेममधे घालायचो रिन्यूअलला, म्हणजे फेब्रुवारीत. मधले महिने त्या माणसाच्या डोक्यावर काहीच नव्हतं, हे मला क्लासमधे बसून कळलं. घरी येऊन रात्री जुनी शीट काढली, मागच्या दोन वर्षांत असे पाच जण निघाले. नशीब की त्यातलं कोणी त्या काळात आजारी पडलं नाही.

तिसरा रविवार मेडिक्लेमचा. मी स्टोअरकीपरच्या क्लेमचं सेटलमेंट लेटर पर्समधे घालूनच गेले होते, ब्रेकमधे मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या नाव झाका आणि फळ्यावर घ्या, सगळ्यांना दिसू दे. मग त्यांनी एकेक आकडा सोडवला. पॉलिसीत रूम रेंटला सम इन्शुअर्डच्या (विम्याची एकूण रक्कम, आमची दोन लाख) १ टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला २,०००. स्टोअरकीपरने घेतलेली खोली ४,०००ची, चार दिवस. मला वाटत होतं खोलीचे वरचे दोन-दोन हजार कापले असतील, आठ हजारांचा विषय. तसं नसतं! खोली हक्काच्या दुप्पट घेतली म्हणून खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे सगळे चार्जेस, सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, हे पण निम्मे होतात. त्यांच्या बिलात हे ७४ हजार होते, त्याचे झाले ३७. खोलीचे १६ चे झाले ८. औषधं आणि तपासण्या ४८ हजार, त्यांना ही कात्री लागत नाही, ते पूर्ण मिळाले. ८, ३७ आणि ४८, झाले ९३. फळ्यावर तो आकडा आला तेव्हा मला एकदम भरून आलं, कारण महिनाभर मी टीपीएला फोन करत होते आणि एवढी साधी बेरीज कोणी पाच मिनिटं देऊन सांगितली नव्हती. आणि त्या माणसाला ॲडमिट होताना कोणी एक वाक्य सांगितलं असतं की २,०००च्या आतली खोली घ्या, तर त्याचे पंचेचाळीस हजार वाचले असते. ते वाक्य सांगायचं काम माझं होतं.

मग पॉलिसी निवडायची कशी ते आलं, आणि इथे मॅडमचं म्हणणं मला पटलं की प्रीमियम हा कोटेशनमधला शेवटचा रकाना आहे, आपण तो पहिला वाचतो. आधी माणसांची यादी: वय, लग्न झालंय का, मुलं किती, आईवडील कोणावर अवलंबून. मग मागच्या वर्षाचे क्लेम, कशाकशाचे आले, किती कापले गेले आणि का. मग ते घेऊन सगळ्या कंपन्यांकडून एकाच अटींवर कोटेशन मागायचं, नाहीतर एकात रूम रेंटची मर्यादा आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात मॅटर्निटीच नाही, आणि आपण तिघांचे प्रीमियम शेजारी शेजारी ठेवून स्वस्त-महाग म्हणतोय, त्याला अर्थच नाही. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का, मॅटर्निटीला नऊ महिन्यांची अट काढलीये का, को-पे (बिलातला स्वतः भरायचा वाटा) कोणावर आणि किती, हे प्रश्न मी आता ब्रोकरला लेखी विचारते. क्लेम रेशोचं पण तेव्हाच कळलं, सहा लाख प्रीमियम दिला आणि ५ लाख ४० हजारांचे क्लेम आले तर ९० टक्के, मग रिन्यूअलला भाव वाढवून मागणारच, त्यासाठी आधीच मालकांना तयार करायचं, ऐनवेळी नाही.

त्या दिवशी एक ग्रुप एक्सरसाइज होता, मनापासून सांगते, एवढा वाद मी लग्नाच्या याद्यांना पण बघितला नाही. कागदावरचा एक कारखाना, ८५ माणसं, नऊ लाखांचं बजेट, प्लॅन ठरवा. माझ्या ग्रुपमधे बाणेरच्या एका स्टार्टअपचा मुलगा होता, त्याला आईवडिलांचा कव्हर पाहिजेच होता, आणि चाकणचे एक काका, ते म्हणत होते आधी ग्रुप ॲक्सिडेंट घ्या, आमची पोरं नाशिक हायवेवरून रात्रपाळीला बाइकवर येतात. मी मधे. आईवडील घातले तर अर्धं बजेट तिथेच संपत होतं. शेवटी असं केलं की रूम रेंटची अट काढून घेतली, ॲक्सिडेंट पॉलिसी सगळ्यांना (ती मेडिक्लेमच्या मानाने खूपच स्वस्त पडते आणि अपंगत्व आलं तरी पैसे देते), आणि आईवडील ज्याला पाहिजे त्याने स्वतःच्या पगारातून हप्त्याने, पण ग्रुपच्या दरात. मॅडमनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "हे तुम्ही त्या ८५ जणांपैकी कोणाला विचारलंत का?" कागदावरची माणसं, विचारणार कोणाला, पण मुद्दा कळला. मी दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या दहा जणांना विचारलं तर सात जणांनी सांगितलं की पॉलिसीचं कार्ड कुठेय तेच माहीत नाही.

पीएफला दोन सेशन होते. १२ टक्के कामगाराचे, १२ कंपनीचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण कंपनीच्या बारातले ८.३३ पेन्शनला जातात आणि तेही १५,००० पर्यंतच्या पगारावर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०, हे आमच्या अर्ध्या लोकांना माहीत नाही, पासबुकात पैसे कमी दिसले की ते माझ्याकडे येतात की कंपनीने खाल्ले का. १५,००० बेसिकवर कामगाराचे १,८००, कंपनीचे पीएफमधे ५५० आणि पेन्शनमधे १,२५०, हे मॅडमनी एका पासबुकाच्या पानावर बोट ठेवून दाखवलं, मी त्याचा फोटो काढून नोटीस बोर्डावर लावलाय. तेव्हापासून प्रश्न कमी झाले. आणि जो माणूस १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफला लागला आणि तेव्हाच त्याचा पगार १५,०००च्या वर होता, त्याला पेन्शन स्कीम लागतच नाही, त्याचे पूर्ण बारा पीएफमधे जायला पाहिजेत. आमच्याकडे असे दोन इंजिनिअर आहेत आणि त्यांचं चुकीचं चाललं होतं, ते दुरुस्त करायचं काम आता चालू आहे, सोपं नाहीये. मॅडम म्हणाल्याच होत्या, पीएफमधली चूक घालायला एक मिनिट लागतं आणि काढायला सहा महिने.

भरायची तारीख १५, हे माहीत होतं. पण कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे उशिरा भरले तर व्याज-दंड वेगळाच, शिवाय तेव्हाच्या नियमाप्रमाणे इन्कम टॅक्समधे ती रक्कम खर्च म्हणून धरत नव्हते, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मधे हे स्पष्ट केलं होतं, हे सांगितल्यावर आमचे मालक पहिल्यांदा १० तारखेलाच चेकवर सही करायला लागले! कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांचं पण तसंच, त्याने पीएफ-ईएसआयसी भरलं नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून त्याच्या चलनासोबत नावांची यादी मागायची आणि नावं आपल्या गेटच्या हजेरीशी जुळवायची. मी जुळवली, तीन नावं यादीत नव्हती.

नवीन लेबर कोड (कामगार कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, आमची बॅच त्यानंतर लगेचची, त्यामुळे मॅडमनी जुनं-नवं शेजारी शेजारी शिकवलं आणि हे मला फार आवडलं. ३०,००० पगारात बेसिक ९,००० आणि बाकी २१,००० भत्ते असं आता चालत नाही, भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचे ६,००० पगारात मिळवायचे, म्हणजे हिशोबाचा पगार १५,०००. पीएफ १,०८० चा १,८०० होतो, हातात महिना ७२० कमी, हे कामगाराला आधी समजावून सांगितलं नाही तर तो ओरडणारच. पण ग्रॅच्युइटी वाढते, हेही त्याला सांगायचं. ग्रॅच्युइटीचं गणित सगळ्यांकडून करून घेतलं: शेवटचा पगार १९,५००, नोकरी ११ वर्षं ७ महिने, सहा महिन्यांच्या वर गेलं म्हणून १२ धरायची, पगाराला २६ ने भागायचं, १५ ने आणि मग १२ ने गुणायचं, १,३५,०००. फिक्स्ड टर्मवाल्यांना (ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना) आता पाच वर्षं थांबायला नको, एक वर्षावर मिळते, आणि आमच्याकडे असे नऊ जण आहेत, त्यांची तरतूद आता या मार्चला धरतेय.

आता जे आवडलं नाही ते. नोट्स सगळ्या इंग्लिशमधे आहेत, शिकवतात मराठीत आणि छापून देतात इंग्लिश, त्यामुळे शॉप फ्लोअरवर वाटायला काही हातात राहत नाही, मलाच बसून मराठीत उतरवावं लागलं. पोर्टलचे स्क्रीनशॉट जुने होते, प्रत्यक्ष लॉगिन करून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. एनपीएस (नॅशनल पेन्शन सिस्टीम) वीस मिनिटांत उरकलं. नवीन टॅक्स रेजिममधे कंपनीने भरलेल्या एनपीएसवर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, एवढं सांगितलं आणि पुढे गेले, बाणेरच्या मुलाला तेच जास्त पाहिजे होतं आणि तो नाराज होता, त्याचं बरोबर होतं. मॅटर्निटीचे २६ आठवडे आणि पाळणाघराचा विषय पण घाईत गेला, बॅचमधे बारा बायका असताना याला वेळ द्यायला पाहिजे होता. पाचव्या रविवारी टीपीएत काम केलेले एक सर आले होते, ते एकदम छान, कॅशलेसला हॉस्पिटलचा कागद आल्यावर एक तासात उत्तर आणि डिस्चार्जला तीन तास असा आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियम आहे, तो हातात ठेवून कसं बोलायचं ते त्यांनी शिकवलं, त्यांना अजून एक दिवस द्यायला हवा होता.

फी कंपनीकडून मिळेल का विचारा, मी स्वतः भरली होती, नंतर मालकांनी अर्धी दिली. ज्यांना मोठ्या कंपनीत बेनिफिट्सचं डिझाइन करायचंय त्यांना हा क्लास अपुरा वाटेल. पण पन्नास ते दीडशे माणसांच्या कारखान्यात, शाळेत, ट्रान्सपोर्ट ऑफिसात हे काम ज्याच्या अंगावर येऊन पडलंय त्याने डोळे झाकून जावं. जाताना स्वतःच्या कंपनीची सॅलरी शीट (नावं काढून) आणि चालू पॉलिसीची पूर्ण प्रत घेऊन जा, फक्त पहिलं पान नाही. मॅडम व्हॉट्सॲपवर रात्री नऊनंतर उत्तरं देतात, बॅच संपून महिना झाला तरी.

आमचं रिन्यूअल मागच्या आठवड्यात झालं. सम इन्शुअर्ड ३ लाख, रूम रेंटची मर्यादा काढली, त्यासाठी प्रीमियम वाढला आणि मालकांसमोर तो ९३ हजारांचा कागद ठेवावा लागला. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, करा. ॲडव्हान्स डिपॉझिटमधे (विमा कंपनीकडे आधीच भरून ठेवायची रक्कम) पण थोडे जास्त पैसे ठेवून घेतले, कारण तिथे शिल्लक नसेल तर मधेच आलेलं बाळ किंवा नवीन बायको यांचं नाव चढत नाही, मेल पाठवला असला तरी.

सध्या पीएफचं ई-नॉमिनेशन (आपल्यामागे पैसे कोणाला, ते नाव ऑनलाइन चढवणं) चाललंय. चौसष्टपैकी तेवीस जणांचं नव्हतंच, सहा जणांचं लग्नाआधीचं होतं, ते धरत नाहीत, लग्नानंतर नवीन करावं लागतं. रोज जेवणाच्या सुट्टीत चार जण माझ्या टेबलापाशी येतात, बायकोचा फोटो, आधार, ओटीपी, कोणाच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघतं, तो मग आधी आधार सेंटरला. काल आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर मामांचं झालं, एकोणीस वर्षं झाली त्यांना इथे. स्क्रीनवर मामींचं नाव आलं तर म्हणाले, "मॅडम, याचा एक कागद काढून द्या, घरी दाखवतो." प्रिंट काढून दिली, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली त्यांनी.